लाकडाच्या खोलीतला गिटारवाला

आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती. ती मुळात लाकडं आणि गोवऱ्या ठेवायला बांधलेली. आता लाकडाच्या खोलीला आतून कडी कोण लावतं? लाकडं काही आतून दार लावून घेत नाहीत. म्हणून तिला कडी एकच, बाहेरून. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझी दोन वर्षं त्या एका कडीपायी गेली.

नव्याण्णव साली बाबा गेले आणि दोन-चार महिन्यांतच दादाने केबलचा धंदा धरला. गोंदियात तेव्हा प्रत्येक मोहल्ल्याचा आपला केबलवाला असायचा आणि प्रत्येक केबलवाल्याचं आपलं एक लोकल चॅनल. घरात गॅस आला होता, लाकडं लागत नव्हती. त्या रिकाम्या खोलीची कंट्रोल रूम झाली. गच्चीवर तीन डिश, आत लोखंडी रॅकवर मशिनींची चळत, दोन सीडी प्लेअर, एक मॉनिटर, एक म्हातारा कॉम्प्युटर. आणि त्या सगळ्यांसमोर स्टुलावर मी.

मी तिथे कशी पोचले? बी.ए.च्या शेवटल्या वर्षाला इंग्रजीत नापास झाले. बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजीनेच दगा दिला. दादा म्हणाला, "आता वर्षभर घरी बसून का करशीन? वर बसत जाय. सिनेमे पाह्य फुकटात." मला ते फारच भारी वाटलं होतं! मैत्रिणींना सांगत सुटले. अक्कल नव्हती, दुसरं काय.

पहिले दोन आठवडे दार उघडंच असायचं. मग एक दिवस माकडं घुसली. गोंदियाच्या गच्च्यांवर माकडांचं राज्य आहे, माणसं खाली भाड्याने राहतात. मी हातपाय धुवायला खाली उतरले होते, तेवढ्यात त्यांनी रॅकच्या मागच्या वायरी ओढून काढल्या आणि एकाने अख्खा रिमोट चावला. बायकांची दुपारची मालिका ऐन रडण्याच्या जागेवर बंद पडली. दादाला त्या दिवशी जेवढ्या शिव्या बसल्या तेवढ्या बाबांनीही कधी दिल्या नव्हत्या.

तेव्हापासून दार बंद पाहिजे असं ठरलं. आणि ते दार बंद होणार फक्त बाहेरून. दादा सकाळी नऊला मला आत सोडायचा, खट्टकन कडी लावायचा आणि लाइनवर जायचा. दुपारी एकदा येऊन हातपाय धुण्यापुरतं पाच-दहा मिनिटं सोडायचा. मग थेट सहाला. वर यायला लोखंडी शिडी होती आणि आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिचं चढणं शक्यच नव्हतं. ती खालून पिशवीत जेवण बांधायची, मी खिडकीच्या गजांतून दोरी ओढायची. गजांतून वाटी यायची नाही. दोन वर्षं मी दुपारी वरण खाल्लं नाही. पोळीची गुंडाळी, त्यात भाजी, नाहीतर ठेचा.

"दादा, आतून एक कडी लाव ना बापा," मी म्हणायची. "मीच लावून घेत जाईन. माकडं काही ठोकून विचारत नाहीत."

"लावू ना."

"कधी?"

"लावू म्हटलं ना वं. माह्या डोक्यात आहे."

त्याच्या डोक्यात ती दोन वर्षं राहिली, दारावर काही आली नाही.

खोलीत कूलर होता. मशिनींसाठी होता, माझ्यासाठी नव्हता. त्याचं तोंड रॅककडे आणि माझ्या पाठीला एप्रिलचं ऊन. समोर राइस मिल, दिवसभर तिची घरघर आणि हवेत कोंडा. फोन होता, पण त्याला दादाने लॉक मारून ठेवलेला. येणारे फोन यायचे, इथून कुठे लागायचा नाही. लोक फोन करायचे ते फर्माइश सांगायला, नाहीतर भांडायला. "मैडम, पिक्चर बदलो, ये परसों ही देखी थी." मी म्हणायची, "परसों अच्छी लगी थी ना? फिर देखो." माझ्या जिभेला तेवढाच व्यायाम.

लोकल चॅनलवर काय चालायचं ते सांगते. दहाला एक हिंदी सिनेमा. तीनला मोहल्ल्यातल्या कोणाच्या तरी लग्नाची कॅसेट, आणि ती लोक सिनेमापेक्षा जास्त बघायचे, आपण कुठे दिसतो ते शोधायला. खाली सारखी एक पट्टी सरकत राहायची. ती मी टायपायची. वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेली म्हैस, उद्या नळ येणार नाही. कोणी वारलं की त्याचा फोटो पडद्यावर नुसता उभा करायचा आणि खाली पट्टीत तेरवीची वेळ सोडायची. सिनेमा कितीही रंगात आलेला असो, मधेच स्थिर फोटो आला की लोक समजायचे, कोणीतरी गेलं. पट्टी मात्र सगळे वाचायचे. पेपर न वाचणारेही पट्टी वाचायचे.

दादा नागपूरहून पोत्याने सीडी आणायचा. एका पोत्यात तीन सीडींचा एक संच निघाला. वर एका लांब केसाच्या गोऱ्या माणसाचा फोटो, हातात गिटार, अंगात बायकांसारखा फुलाफुलांचा शर्ट. मला वाटलं सिनेमा असेल. लावला तर सिनेमा नव्हता. त्या माणसाचीच गोष्ट होती, खरी. तो कुठला, कसा वाढला, कसा गायला लागला, आणि मग जगभर कसा गाजला. मधे मधे म्हातारी माणसं खुर्चीत बसून त्याच्याबद्दल बोलत होती. सगळं इंग्रजीत, आणि इंग्रजी म्हणजे माझं मागल्या जन्मीचं वैर. पण चित्रं तर कळतात ना!

पहिल्या सीडीत तो पोरसवदा होता. लाखभर माणसं समोर आणि हा स्टेजवर गिटार घेऊन असा काही पेटायचा की मॉनिटरची काच हादरेल असं वाटायचं. खरं सांगते, गाणं मला पहिल्यांदा मुळीच आवडलं नाही. कोणीतरी पत्र्यावर गोटे फेकतंय असं वाटलं. पण मी आवाज कमी केला नाही.

दुसऱ्या सीडीत एक जागा होती. एका हॉटेलच्या खोलीत तो पलंगाच्या कडेला बसलाय. बाहेरून कोणीतरी दार बडवतंय. खूप माणसं असावीत, त्यांचे आवाज येतात. कॅमेरा आत, त्याच्यासोबत. तो दाराकडे बघतो, मग गिटारीकडे, मग पुन्हा दाराकडे. उठत नाही. मग हळूच काहीतरी वाजवायला लागतो, अगदी बारीक, आणि दार वाजतच राहतं. चार-पाच मिनिटांचा तो तुकडा मी किती वेळा पाहिला असेल! मला वाटायचं, बघा, ह्यालाही कोंडलंय. एवढा मोठा माणूस, लाखो लोक याच्यापायी वेडे, आणि त्याच्याही दाराला कोणीतरी कडी लावून गेलंय. मला रडू यायचं आणि बरंही वाटायचं.

दुपारी दीड ते तीन ही चॅनलची मेलेली वेळ. बायका पाठ टेकायच्या, माणसं कामावर. त्या वेळात काय लावलं याची कोणी पर्वा करत नव्हतं. मी त्याला दीडला लावायला लागले, रोज. कोणाचा फोन आला नाही, म्हणजे कोणी बघत नसणार. मोहल्ल्यातल्या त्या सगळ्या टीव्ह्यांवर तो भर दुपारी एकटाच गात होता आणि बघणारी मी एकटी.

एके दिवशी मात्र गंमत झाली. गंमत मी आता म्हणते, तेव्हा घाम फुटला होता. सीडीला चरा पडला होता आणि ती नेमकी त्याच्या चेहऱ्यावर येऊन अडकली. मी कूलरच्या आवाजात पेंगत होते. पडद्यावर त्याचा फोटो स्थिर, आणि खाली पट्टी चालू होती ती शेजारच्या गल्लीतल्या एका आजोबांच्या तेरवीची. झालं! फोन सुरू. "मैडम, ये कौन शांत हो गये?" एकजण विचारतो, मुलगा होता का बाहेरगावी? एक बाई म्हणाली, "चांगला होता बिचारा, तब्येतीकडे लक्ष नसन देल्लं." आणि ज्यांच्या घरची तेरवी, त्यांचा थोरला मुलगा सायकलवर तरातरा आला आणि खालून ओरडला, "आमच्या बाबाच्या जागेवर हा जोगडा कोण बसवला बे?"

दादा संध्याकाळी आला तो लाल होऊनच. "तुले काही समजते का?" म्हणाला. मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग त्याचा ओठ हलला, आणि मग तो शिडीच्या पायरीवर बसून असा हसला की डोळ्यांतून पाणी. मीही हसले. बाबा गेल्यापासून आम्ही दोघं तसे हसलो नव्हतो. त्या दिवाळीत भाऊबीजेला त्याने माझ्या ताटात त्याच गिटारवाल्याच्या अजून दोन सीडी टाकल्या. नागपूरला तीन दुकानं हिंडला म्हणे.

त्यातली एक होती सिनेमा, त्यात त्याने काम केलेलं. एका ट्रक ड्रायव्हरचं. माळरानावर ट्रक चालवतो आणि बोलत नाही. बरं झालं बोलत नाही, कारण अभिनय म्हणाल तर आमच्या इलेक्ट्रिकच्या खांबाने बरा केला असता! दुसरी होती म्हातारपणाची. केस पांढरे, पोट सुटलेलं, आणि लोक तरी तेच तरुणपणचं एक गाणं मागतात. प्रत्येक गावात तेच. तो ते गातो आणि त्याचा चेहरा मी ओळखला. परवा पाहिलेला सिनेमा पुन्हा लावताना माझाही तसाच होत असणार.

दादाने त्या सीडी माझ्यासाठी आणल्या म्हणून मला त्याचं प्रेम वाटलं होतं. प्रेम होतंच. पण ज्याला वाटतं की बहिणीने वर बसू नये, तो बहिणीला वर बसून बघायला अजून दोन सीडी आणत नाही. हे तेव्हा सुचलं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात इंग्रजीचा पेपर द्यायचा होता. फॉर्म भरायची तारीख दादा विसरला. "राहू दे ना, पुढच्या वर्षी देजो." दुसऱ्या वर्षी मी त्याच्यावर सोडलं नाही. मैत्रिणीकडून फॉर्म मागवला, सही केली, दोरीच्या पिशवीतून खाली पाठवला. पावती आली तेव्हा दादाला दाखवली. तो म्हणाला, "दे ना, कोण नाही म्हणते?" पण जेवताना आईला म्हणाला, "यंदा नाही निघाली तं मामाजी जे स्थळ सांगून राहिले, त्यायले हो म्हणून टाकू." आई म्हणाली, "हो, किती दिवस?" मी हातातला घास परत ताटात ठेवला.

पुढचा हिशोब साधा होता. एक पेपर निघाला की मी ग्रॅज्युएट. ग्रॅज्युएट झाले की बी.एड.ला अर्ज, मग मास्तरीण, मग स्वतःच्या पायावर. नाही निघाला तर या खोलीतून उचलून दुसऱ्या कोणाच्या खोलीत. सारं त्या एका पेपरवर टांगलेलं. मी वर्षभर खोलीत बसून घोकलं. गिटारवाला दीडला बोलायचा तेव्हा पेन्सिल घेऊन शब्द पकडायची, डिक्शनरीत शोधायची. निम्मे सापडायचे नाहीत, शिव्या असाव्यात.

पेपरचा दिवस. अकराला सुरुवात, कॉलेज रिक्षाने पंधरा मिनिटं. दादा म्हणाला, "नऊला वर बस, दहाचा पिक्चर लावून ठेव, मी दहाला येऊन कडी काढतो, गाडीवर सोडून देतो." मी म्हटलं, आज कडी लावू नको. तो म्हणाला, "माकडं?" आणि खट्ट.

दहा वाजले. दादा नाही. सव्वादहा झाले. मी सिनेमा लावला होता, हॉल तिकीट पर्समध्ये, दोन पेन, एक रुमाल, सगळं तयार. दहा वीसला खिडकीशी गेले आणि आईला हाका मारल्या. मिलच्या घरघरीत चौथ्या हाकेला ती अंगणात आली.

"आई, दादा कुठाय?"

"रेल्वे फाटकापलीकडे लाइन तुटली म्हणे. येईन ना तो."

"अकराला पेपर आहे माझा! शेजारच्या काकांना बोलाव, कडी काढायला सांग!"

आई वर बघत उभी राहिली. पदर डोक्यावर, हात कपाळाशी, उन्हामुळे. म्हणाली, "पुरुषमाणसाले कायले चढवू गच्चीवर? लोक का म्हणतीन? दादा येऊन राहिला असन. थोडं दम धर माय." आणि आत गेली.

दम धर! मी दोन वर्षं काय दुसरं करत होते? मी दाराला लाथा घातल्या. खांद्याने धडक दिली. लाकडाच्या खोलीचं दार, बाभळीची फळी, हलतंय कशाला. माकडं डिशवर बसून माझा तमाशा बघत होती. मग मी रडले, नाकातोंडाने, आणि रडताना नजर मॉनिटरवर गेली. खाली पट्टी सरकत होती. कोणाच्या तरी नातवाचा पहिला वाढदिवस.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. पट्टी नेहमी हिंदीत असायची, गावच तसं. पण घाईत मराठीच निघालं. *मी केबलच्या गच्चीवर कोंडलेली आहे. अकराला माझा पेपर आहे. बाहेरून कडी आहे. कोणीतरी काढा.* नातवाचा वाढदिवस पुसून हे सोडलं. तरी लोक सिनेमात गुंग असतील म्हणून सिनेमा काढून टाकला आणि गिटारवाल्याची दुसरी सीडी लावली. तो हॉटेलच्या खोलीत, दार वाजतंय, आणि त्याच्या पायाखालून माझं वाक्य सरकतंय. आई लोकांना भीत होती, मी अख्ख्या मोहल्ल्यालाच सांगून बसले.

फोन सुरू झाले. "मैडम, ये पट्टी क्या है? कोई नाटक है क्या?" मी ओरडले, "नाटक नहीं, आके कडी खोलो!" त्याने फोनच ठेवला. दुसरा म्हणाला, "पिक्चर काऊन बंद केला?" तिसऱ्याने नुसतं हसून ठेवला. दहा पस्तीस. दहा चाळीस. खिडकीतून पाहिलं तर खाली पाच-सहा माणसं जमली होती, माना वर करून. कोणी शिडीला हात लावेना. दुसऱ्याच्या घरचं भांडण असावं असं त्यांना वाटलं असणार.

अकराला पाच कमी असताना शिडी वाजली. लोखंडावर चपलांचा आवाज, हळू, एकेक पायरी. कडी सरकली. दार उघडलं तर समोर एक बाई, पन्नाशीची, लुगड्याचा काष्टा, धाप लागलेली, बोटं तंबाखूने पिवळी. मी तिला ओळखत नव्हते. बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत राहायची, विड्या वळायची, हे नंतर कळलं.

"तूच का वं ते?" ती म्हणाली. "पट्टी वाचली मी. आमच्या विहारात शिकलो ना वाचाले, दोन साल झाले. जाय आता, पेपर आहे ना तुहा?"

मी पर्स घेतली, चप्पल सापडेना. ती आत डोकावली. मॉनिटरवर तो अजून पलंगावर बसलेला.

"ह्याले मी रोज पाह्यतो," ती म्हणाली. "दीड वाजता. विड्या वळता वळता. याचे बोटं पाह्य ना, माह्यासारखेच चालते, एक घडी थांबत नाही."

"मावशी, तुम्ही बघता?" मी विचारलं. पाऊण वाजला असता तरी मी तिथे उभी राहिले असते.

"पाह्यतो ना. पण मले त्याची कीव नाही येत." तिने पडद्याकडे बोट केलं. "पाह्य, साखळी आतून आहे त्याच्या दाराले. तोच लावून बसला. त्यानंच काढाव. तुह्याले बाहेरून होती, म्हणून आलो मी पळत. जाय ना वं आता, उभी काऊन राहिली!"

मी पाहिलं. दाराच्या कडेला, चौकटीजवळ, बारीकशी साखळी, आतल्या बाजूने ओढलेली. शंभर वेळा पाहिलेला तुकडा, डिक्शनरी घेऊन पाहिलेला, आणि ती साखळी मला एकदाही दिसली नव्हती. ती बाई विड्या वळता वळता बघून मोकळी झाली होती.

खाली जमलेल्यांपैकी एकाने आपली लूना काढली आणि मला कॉलेजला सोडलं. अकरा वीसला पोचले. अर्ध्या तासापर्यंत आत घेतात. लूनावाल्याने गेटवरच्या माणसाला पट्टीचं सांगितलं, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मैडम, आप वो पट्टीवाली?" मी म्हटलं, "हो, सोडा आता."

पेपर निघाला. काठावर निघाला, पण निघाला.

दादा त्या दिवशी साडेबाराला आला होता म्हणे. कोणीतरी त्याला रस्त्यातच पट्टीचं सांगितलं होतं. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला लाज वाटली होती, आणि लाज वाटली की आमच्या घरची माणसं रागावतात. पाचव्या दिवशी सकाळी वर ठोकाठोक ऐकू आली. गेले तर तो दाराला आतून कडी बसवत होता. नवी, जाड, पितळी. चार स्क्रू तोंडात. बाहेरची कडी काढून जमिनीवर टाकली होती. मी मनात म्हटलं, त्या दिवशी खरंच लाइन तुटली असेल, कडी सवयीने लागली असेल. दादा सवयीचा माणूस आहे. कडी मुद्दाम तर नव्हती ना, हे मी विचारलं नाही. तसं मानण्यात मला सोय होती.

बी.एड. झालं, नोकरी लागली सालेकसा तालुक्यातल्या एका शाळेवर. माघात कचारगडची जत्रा भरली की आमच्या शाळेच्या मैदानात गाड्या उभ्या राहतात, वर्ग भरत नाही. लग्न केलं, ते माझ्या पसंतीने. विडीवाल्या मावशींकडे मी गोंदियाला गेले की जायची. त्या गेल्या तेव्हा पट्टीचा मजकूर मीच लिहून दिला होता, दादाच्या चॅनलसाठी. फोटो स्थिर राहिला, मग पुढचा सिनेमा लागला.

मग सेट टॉप बॉक्स आले. मोठ्या कंपन्यांनी वायर ताब्यात घेतली, लोकल चॅनल बंद पडलं. मोबाइलवर सगळं दिसायला लागलं, लाकडाच्या खोलीची कोणाला गरज राहिली नाही. दादाने दोन वर्षं ओढून पाहिलं. लग्न त्याने केलंच नव्हतं. आई, तो आणि त्या मशिनी.

एका रविवारी आईचा फोन आला. "दादा काल सकाळपासून वर आहे. उतरून नाही राहिला. जेवण दोरीनं वढून घेते, बोलत नाही. तूच ये माय. मले चढणं होत नाही."

मी गेले. बस दीड तासाची. बिरसीच्या विमानतळाच्या बाजूने शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं, त्यावर नजर लावून बसले. घरी पोचले, चहाची किटली घेतली, शिडी चढले. दार बंद. ढकललं, हललं नाही. पितळी कडी आतून. बाहेरून काढायला काहीच नव्हतं, जुन्या कडीची चार भोकं तेवढी.

"दादा."

आत कूलर चालू होता. कोणासाठी चालू होता देव जाणे.

मी उंबऱ्यावर बसले. किती वेळ बसले माहीत नाही, उन्हं कलली. माकडं डिशवर येऊन बसली. धंद्याचं बोलणं म्हणजे जखमेवर मीठ. शेवटी जे पंधरा वर्षं विचारलं नव्हतं तेच तोंडात आलं.

"दादा, त्या दिवशी कडी तू मुद्दाम लावली होती का?"

कूलर बंद झाला. एवढ्या वेळात पहिल्यांदा.

"हो," तो आतून म्हणाला.

मला वाटलं होतं राग येईल. आलाही. "लाइन?"

"तुटली नव्हती. फाटकाजवळ चहाच्या टपरीवर बसलो होतो. बाबा गेले, आईचे गुडघे गेले. तू गेली असती तं मी आणि ह्या मशिनी. कायले जाऊ द्यायचं तुले, असं वाटलं. पट्टीचं समजलं तं मेल्यासारखं झालं मले."

मी भिंतीला डोकं टेकून बसले. दोन वर्षं वरण नाही, गजांतून पोळीची गुंडाळी, पाठीला ऊन, आणि मी याला सवयीचा माणूस समजत होते. ओरडावंसं वाटलं. दाराला लाथ घालावीशी वाटली, तेव्हा घातली होती तशी. उठून निघूनही जावंसं वाटलं. बस साडेपाचची होती.

"दादा," मी म्हटलं, "मावशी म्हणायच्या, आतली कडी असली की बाहेरच्याला काही करता येत नाही. मी इथे बसून आहे. तुला शिव्या घालायच्या आहेत, पुष्कळ. त्या दारातून घालायच्या नाहीत मला. चहा थंड होऊन राहिला. काढ."

खालून आई विचारत होती, उघडलं का, उघडलं का. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग पितळी कडी सरकली.